लहान गावातला चित्रपट महोत्सव: पैसा एकाचा घ्यावा की सगळ्यांचा?

कातळफूल

नमस्कार मंडळी. थोडं लांबण लावतेय, पण सल्ला हवाय.

आमचं गाव दक्षिण रत्नागिरीतलं, तालुक्याचं. एकच थिएटर होतं, ते बंद पडलं आणि आता तिथे सिमेंटचं गोदाम आहे. तीन वर्षांपूर्वी आम्ही सात-आठ जणांनी वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सिनेमे दाखवायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी ११ माणसं होती, त्यातली निम्मी आमचीच. आता साठ-सत्तर येतात. वाचनालयाच्या खुर्च्या ४०, बाकीच्या शाळेतून डोक्यावर आणायच्या आणि रात्री परत नेऊन ठेवायच्या.

प्रोजेक्टर सांभाळतात ते त्या बंद थिएटरातले जुने ऑपरेटर. सगळे त्यांना आबा म्हणतात. सिनेमा सुरू व्हायच्या आधी आबा पडद्याजवळ जाऊन झोतात हाताचा पंजा धरतात. सावली काळीकुट्ट पडली तर ठीक. करडी पडली तर कुठल्या तरी खिडकीतून उजेड येतोय. मग पोरं ती फट शोधून कापड खोचतात आणि आबा म्हणतात, "हां, आता सोडा."

यंदा तीन दिवसांचा महोत्सव करायचा ठरतंय. भातझोडणी आटपलेली असते आणि आंब्याची कामं अजून अंगावर आलेली नसतात, त्या बेताने डिसेंबरात. खर्च काढला तो १ लाख ८० हजारांवर गेला. गावातल्या एका बांधकाम व्यावसायिकाने सगळा खर्च उचलतो म्हणून सांगितलंय. माणूस वाईट नाही, पुराच्या वेळी त्याने खूप केलं होतं. मागच्या फलकावर त्याचं नाव आणि उद्घाटन त्याच्या पसंतीच्या पाहुण्याच्या हस्ते, इथपर्यंत कुणाचीच हरकत नव्हती. जाता जाता तो म्हणाला, "यादी एकदा नजरेखालून घालू." आमच्या यादीत सड्यावरच्या, म्हणजे गावाबाहेरच्या कातळ-पठारावरच्या, जमिनींच्या विक्रीवरचा एका मुलाने केलेला माहितीपट आहे. तो मुलगा आमच्याच तालुक्यातला.

निम्मे म्हणतात पैसे घ्या, एक माहितीपट गेला तर काय बिघडतं. मला झोप लागत नाहीये. तुमच्यापैकी कुणी लहान गावातले महोत्सव जवळून पाहिलेत का? ते कशावर उभे राहतात?

सांगलीकर

घ्या पैसे. पहिलं वर्ष आहे. एकदा महोत्सव उभा राहिला की पुढच्या वर्षी तुमच्या अटी सांगता येतील. पदरचे पैसे घालून केलेले तीन उपक्रम मी दोन-दोन वर्षांत बंद पडताना पाहिलेत. माणसं दमतात हो. आणि तो माहितीपट नंतर एखाद्या शनिवारी दाखवा.

ओटीवरची

सांगलीकर, नंतरच्या शनिवारी दाखवा म्हणजे त्या पोराला मागच्या दाराने आत घ्या. त्याच्याच गावात.

शरावती

कातळफूल, मी हेग्गोडूबद्दल सांगते. माझं माहेर कोल्हापूर, सासर कर्नाटकात सागर तालुक्यात, शिमोगा जिल्हा. हेग्गोडू आमच्यापासून जवळ. सुपारीच्या बागांचं खेडं, रस्त्याने जाताना लक्षातही येणार नाही. तिथे १९४९ साली गावातल्या लोकांनी नाटकाची संस्था काढली, श्री नीलकंठेश्वर नाट्यसेवा संघ. त्याचंच आद्याक्षरांनी नीनासम झालं. के. व्ही. सुब्बण्णा हे तिचा कणा. शिकून आलेला, लिहिणारा माणूस, पण राहिला गावात, सुपारीची बाग सांभाळत.

१९७३मध्ये त्यांनी नीनासम चित्रसमाज काढला, म्हणजे खेड्यातली फिल्म सोसायटी. कल्पना करा, तेव्हा आपल्याकडे फिल्म सोसायटी म्हटलं की मुंबई-पुण्याची इंग्रजी वाचणारी मंडळी डोळ्यांसमोर यायची. इथे प्रेक्षक कोण, तर बागायतदार, बागेत मजुरीला येणारी माणसं, मास्तर, सोसायटीतला कारकून. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातले पी. के. नायर आणि फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये रसास्वाद शिकवणारे सतीश बहादूर हे दोघं पाठीशी उभे राहिले. पुण्याहून रिळं यायची, रसास्वादाची शिबिरं व्हायची. सत्यजित राय, जपानचे कुरोसावा, इटलीचे डी सिका यांचे सिनेमे सुपारी सोलणाऱ्या माणसांनी पाहिले आणि रात्री घरी जाताना त्यावर वाद घातले. नायरसाहेबांवर २०१२मध्ये शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांनी माहितीपट केलाय. त्यात हेग्गोडूची माणसं त्या सिनेमांबद्दल बोलतात ते जरूर बघा.

१९९१मध्ये सुब्बण्णांना मॅगसेसे मिळालं. पण माझ्या सासऱ्यांच्या लेखी त्याला काही मोल नव्हतं. ते म्हणायचे, नाटक असो की सिनेमा, सतरंज्या घालायला आपण गेलो नाही तर कार्यक्रम आपला कसा? आजही ऑक्टोबरच्या संस्कृती शिबिराला गेलात तर मोठमोठे लेखक आणि कॉलेजची पोरं एकाच पंगतीत जेवताना दिसतील.

तुम्ही विचारलंत कशावर उभा राहतो. हेग्गोडूला आधी २०-२५ वर्षांची नाटकाची सवय होती. लोकांना एकत्र बसायची सवय होती. त्यावर सिनेमा आला. तुमच्याकडे आबा आहेत, शाळेच्या खुर्च्या आहेत, ती सवय तुम्ही तीन वर्षं लावलीच आहे.

निळू

शरावती, सुंदर लिहिलंत. एक भाबडी शंका, इटालियन सिनेमा कानडी खेड्यात कळायचा कसा?

शरावती

निळू, माझ्या सासूबाईंनी डी सिकाच्या सिनेमातली सायकल चोरीला गेलेल्या त्या बापाची गोष्ट पाहिली होती. सबटायटलं त्यांना वाचता येत नव्हती. मी हाच प्रश्न विचारला तर म्हणाल्या, "सायकल गेली, काम गेलं, पोरगा बघतोय. यात न कळण्यासारखं काय आहे?"

निळू

_/\_ उत्तर मिळालं.

जंक्शन

रेल्वेच्या नोकरीत काही वर्षं गोरखपूरला होतो. तिथला अनुभव सांगतो, कारण कातळफूल यांचा प्रश्न तिथे अगदी वेगळ्या तऱ्हेने सोडवलाय.

गोरखपूरला २००६च्या मार्चमध्ये 'प्रतिरोध का सिनेमा' या नावाने महोत्सव सुरू झाला. जन संस्कृती मंच या सांस्कृतिक संघटनेची माणसं आणि निमंत्रक संजय जोशी. नियम सुरुवातीपासून एकच: कंपनीचा पैसा नको, सरकारचा नको, स्वयंसेवी संस्थांचाही नको. पैसा प्रेक्षकांकडून. दोन सिनेमांच्या मध्ये कुणीतरी व्यासपीठावर येतं आणि सरळ सांगतं, इतका खर्च झालाय, इतका जमलाय, बाकी तुम्ही बघा. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा संकोच वाटला होता, देवळातल्या तबकासारखं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या रिक्षावाल्याने दहाची नोट टाकली आणि उरलेला सगळा वेळ तो ताठ बसून होता. ते त्याचं बसणं मी विसरलेलो नाही.

प्रवेश मोकळा, पास नाही, पाहुण्यांसाठी राखीव सोफा नाही. लहान मुलांसाठी वेगळे सिनेमे असायचे. बाहेर पुस्तकांचं टेबल. आनंद पटवर्धनांसारख्या माहितीपटकारांचं काम मोठ्या थिएटरात कुठे लागतं? तिथे लागायचं आणि नंतर तासभर चर्चा. पुढे हेच आझमगढ, बलिया, नैनिताल, पाटणा, उदयपूर असं पसरत गेलं.

सांगलीकर म्हणतात पहिल्या वर्षी घ्या, पुढच्या वर्षी अटी घाला. साहेब, उलटं होतं. पहिल्या वर्षी ज्याने १ लाख ८० हजार दिले, त्याला दुसऱ्या वर्षी 'नको' म्हणणं अधिक कठीण. आणि ज्या प्रेक्षकाला पहिल्या वर्षी सगळं फुकट मिळालं, त्याच्यापुढे दुसऱ्या वर्षी झोळी धरणं त्याहून कठीण.

सांगलीकर

जंक्शन, शेवटचा मुद्दा मान्य. पण मग हेग्गोडूचं काय? माझ्या वाचनात आहे की ऐंशीच्या दशकात नीनासमने 'जनस्पंदन' नावाचा उपक्रम केला, गावोगाव नाटकं आणि सिनेमे नेले, आणि त्याला फोर्ड फाउंडेशनचं साहाय्य होतं. बाहेरचा पैसा आला म्हणून हेग्गोडू बुडालं का?

शरावती

बरोबर आहे, होतं. आणि त्यावर तेव्हा वादही झाला होता. पण त्या पैशाच्या आधी ३० वर्षांचं काम होतं, आणि पैसा संपल्यावरही संस्था चालू राहिली. कुठला सिनेमा दाखवायचा ते हेग्गोडूच ठरवत होतं. बाहेरचा पैसा घेण्याला माझी हरकत नाही. यादीला हात लावू देण्याला आहे.

जंक्शन

+१. इथे आपलं एकमत आहे.

चहा_कमी_साखर

गाडी रुळावर असतानाच विचारून घेते, चहा कुठला? आमच्या गावच्या व्याख्यानमालेला निम्मी गर्दी मध्यंतरातल्या कांदाभज्यांना असते. खर्चाच्या यादीत भजी धरलीत ना?

कातळफूल

हाहा, धरलीत. बचत गटाच्या बायका करणार आहेत. त्यांची एकच अट आहे, स्टॉल दाराशी हवा म्हणजे आतला सिनेमा ऐकू येईल.

हिमगौरी

मी दोनदा धरमशालाच्या महोत्सवाला स्वयंसेवक म्हणून गेले आहे. २०१२मध्ये रितू सरीन आणि तेनझिंग सोनम या माहितीपटकार जोडप्याने सुरू केला. ते राहतातही तिथेच. पहिला महोत्सव मॅक्लिओडगंजला तिबेटी रंगकलांच्या संस्थेच्या, म्हणजे टिपाच्या आवारात झाला. पुढे तिबेटी मुलांच्या शाळेच्या आवारातही भरू लागला. सिनेमासाठी बांधलेली जागा नव्हतीच. एक वर्ष फुगवून उभं करायचं फिरतं थिएटर आणलं होतं. आत शिरताना तिबेटी आजोबा हाताने भिंत दाबून बघायचे.

मला तिथे आवडलं ते हे की स्पर्धा नाही. लाल गालिचा नाही. दिग्दर्शक थंडीत कानटोपी घालून तुमच्याच रांगेत चहाला उभा. नोव्हेंबरात सूर्य कलला की गारठा मी म्हणतो, लोक शाली गुंडाळून बसतात. शाळाशाळांतून जाऊन मुलांना सिनेमे दाखवणं हाही त्यांच्या कामाचा भाग आहे.

पण एक सांगते. प्रेक्षकांत दिल्ली-मुंबईहून आलेले आमच्यासारखे बरेच असायचे. गावात महोत्सव भरणं आणि गावाचा महोत्सव असणं, यात अंतर पडू शकतं. आयोजकांना ते कळतं आणि ते धडपडतातही. कातळफूल, तुम्ही बाहेरच्यांना बोलवाल तेव्हा पहिल्या रांगा आधी कुणाच्या ते ठरवून ठेवा.

ओटीवरची

हिमगौरींच्या शेवटच्या वाक्यावरून. तुमच्या साठ-सत्तरात बायका किती? आणि वाड्यांवरच्या किती?

आमच्याकडे असाच उपक्रम होता. रात्री नऊला सुरू. चर्चा मोठमोठ्या, आणि शेवटची एसटी साडेसातला. म्हणजे वाडीवरचं कुणी येणारच नाही हे वेळ ठरवतानाच ठरलं. दोन वर्षं कुणाच्या लक्षातही आलं नाही. आम्ही काही जणींनी भांडून रविवारी दुपारी अडीचचा खेळ लावून घेतला. स्वयंपाक-जेवण आटपलेलं, संध्याकाळच्या गुरांना वेळ. पहिल्याच रविवारी खुर्च्या संपल्या आणि पायऱ्यांवर बायका बसल्या.

पैसा कुणाचा यावर इतकं बोलतोय, पण वेळ कुणाची तेही बघा.

कातळफूल

ओटीवरची, हे आम्ही विचारातच घेतलं नव्हतं. बायका पंधरा-वीस, सगळ्या बाजारपेठेतल्या. वाड्यांवरच्या नाहीत. आज बैठकीत मांडते.

रीळवाला

इतका वेळ वाचत होतो. आबांबद्दल वाचलं आणि राहवलं नाही.

माझे वडील तंबू थिएटरवर ऑपरेटर होते. जत्रा धरून फिरायचे. ट्रकमध्येच प्रोजेक्टर, कनात, बांबू, जनरेटर. दुपारी कनात उभी राहायची आणि कर्ण्यावरून पुकारा सुरू. प्रोजेक्टरमध्ये दिव्याऐवजी कार्बनच्या कांड्या असत. दोन कांड्यांची टोकं जवळ आणायची, ठिणगी पडली की झगझगीत उजेड. कांडी जळत जाते तसं अंतर हाताने राखायचं, नाहीतर पडदा पिवळा पडतो आणि कनातीत शिट्ट्या. वडिलांचा उजवा हात सिनेमाभर त्या मुठीवर. कथानक त्यांनी कधी धड पाहिलंच नाही, पण पडदा कधी पिवळा पडू दिला नाही.

वडील सांगायचे, तंबू उभारण्यापूर्वी गावच्या देवळात नारळ द्यायचा आणि त्या गावच्या दोन पोरांना दारावर ठेवायचं. मालक बाहेरचा, पण दारावर गावची पोरं. मग भांडण होत नाही. कातळफूल, आबांना मागे ठेवू नका. उद्घाटनाला पाहुणा शोधताय ना?

निळू

रीळवालांनी एका ओळीत प्रश्न सोडवला.

काजवा

एका जिल्ह्याच्या फिल्म सोसायटीचं काम बरीच वर्षं करतोय. भावनेच्या भरात कागद राहू नयेत म्हणून लिहितो.

ज्या सिनेमांना सेन्सॉर प्रमाणपत्र आहे त्यांचा प्रश्न नाही. ज्यांना नाही (तो माहितीपट बहुधा यात येईल) त्यांच्यासाठी महोत्सवाला केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून सूट मागता येते, १९५२च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याच्या ९व्या कलमाखाली. महोत्सव नफ्यासाठी नसावा आणि खेळ नोंदणी केलेल्या प्रतिनिधींपुरता असावा. म्हणजे दारावर तिकीट फाडू नका, आधी नोंदणी करून घ्या. अर्ज लवकर करा. भारतीय फिल्म सोसायटी महासंघाशी संलग्न व्हायचा विचारही करा. १९५९पासूनची संस्था आहे, सत्यजित राय तिचे पहिले अध्यक्ष.

प्रत्येक सिनेमासाठी हक्कदाराची लेखी परवानगी हवी. बाजारातली डिस्क घरी बघण्यासाठी असते, सभागृहासाठी नाही. मेल लिहा, गाव कुठलं, खुर्च्या किती, सगळं खरं सांगा. स्वतंत्र दिग्दर्शक अशा पत्राला फार आपुलकीने उत्तर देतात. आणि जमेल तितकं मानधन द्याच. भज्यांवर खर्च करतो, पण ज्याने चार वर्षं घालून सिनेमा केला त्याला नारळ-शाल, हे मला पटत नाही.

पडदा जमिनीपासून चार फूट तरी वर घ्या, नाहीतर पुढच्यांच्या डोक्यात सबटायटलं बुडतात. सभागृह घुमत असेल तर मागच्या भिंतीवर गोधड्या टांगा. पाहुणे म्हणतील सजावट छान आहे.

चहा_कमी_साखर

गोधड्या! प्रत्येक घरातून एक मागा. आपली गोधडी बघायला तरी घरातलं माणूस येईल.

काजवा

हे मी विनोदाने घेणार नाही. खरंच करा.

जंक्शन

विषय पैशाचा आहे म्हणून केरळचं एक उदाहरण. १९८४मध्ये मल्याळम दिग्दर्शक जॉन अब्राहम (हिंदीतला नट नव्हे) आणि मित्रांनी कोझिकोडला ओडेसा नावाचा गट काढला. गावोगाव जायचे, चॅप्लिनचा सिनेमा दाखवायचे आणि लोकांकडून वर्गणी गोळा करायचे. त्यातून १९८६मध्ये जॉनचा 'अम्मा अरियान' हा सिनेमा उभा राहिला. निर्माता म्हणावा तर हजारो माणसं. जॉन पुढच्याच वर्षी गेले. पण केरळात लहान लहान फिल्म सोसायट्यांची जी वीण आहे तिच्यात असे बरेच धागे आहेत. आपल्याकडे गणपतीची वर्गणी प्रत्येक गल्लीत निघते. मग सिनेमाची का निघू नये?

सांगलीकर

गणपतीच्या वर्गणीत प्रत्येकाला वाटतं हा माझा गणपती. सिनेमाबद्दल तसं वाटायला वेळ लागेल. पण मी माझं पहिलं मत थोडं मागे घेतो. १ लाख ८० हजार हा आकडाच मोठा आहे. ९० हजारांत बसवा, मग कुणाचंच मिंधं व्हावं लागणार नाही. खर्चाचा तपशील इथे टाका, आपण मिळून कात्री लावू. हिशेब हे माझं रोजचं काम आहे.

कातळफूल

मंडळी, बारा दिवसांनी येतेय. सगळ्यांचे प्रतिसाद छापून बैठकीत वाचले. सांगलीकर, तुम्ही विरोपातून (ईमेलवरून) लावलेली कात्री जशीच्या तशी मान्य झाली. मंडप रद्द, तिन्ही दिवस वाचनालय आणि शाळेचा हॉल. पाहुण्यांची सोय लॉजऐवजी घरोघरी. आकडा ८२ हजार.

वर्गणी १०० रुपयांपासून ठेवली. पहिले ५०० आबांनी दिले, आम्ही नको म्हणत असताना. रिक्षा स्टँड, मासळीवाल्या, औषध दुकान, दोन हायस्कुलांचे माजी विद्यार्थी, गणपतीला येऊन गेलेले चाकरमानी असं मिळून आजपर्यंत ५६ हजार ३०० झालेत. २०७ नावं. फलकावर सगळी नावं एकाच आकाराच्या अक्षरांत, अनुक्रमाने. रक्कम लिहायची नाही.

त्या बांधकाम व्यावसायिकाकडे मी आणि वाचनालयाचे अध्यक्ष जाऊन आलो. पोटात गोळा होता. स्पष्ट सांगितलं, यादी आमची आम्हीच ठरवणार, तुमची वर्गणी आनंदाने घेऊ, इतरांसारखीच. ते बराच वेळ बोलले नाहीत. चहा आला, तो संपला. मग विचारलं, त्या माहितीपटात माझं नाव आहे का? नाही म्हटलं. मला बघता येईल ना? म्हटलं, पुढच्या रांगेत बसा. दुसऱ्या दिवशी त्यांच्या माणसाने २,००० रुपये आणून दिले. ते येतील की नाही माहीत नाही. मी त्यांची खुर्ची धरली आहे.

अर्ज मंत्रालयाला गेला. काजवा, मसुद्याबद्दल आभार. वेळा बदलल्या: दुपारी अडीच आणि संध्याकाळी सहा, आणि दुपारचा खेळ सुटला की दोन वाड्यांकडे शाळेची गाडी. गोधड्या ३१ जमल्यात. एका आजीने दिलेली तिच्या सासूच्या नऊवारीची आहे, ती दर्शनी टांगणार.

उद्घाटन आबा करतील. दीपप्रज्वलन नको म्हणाले, "सिनेमाच्या आधी उजेड कशाला करता?" मग काय करायचं विचारलं तर म्हणाले, झोतात पंजा धरतो, सावली बघतो, आणि सोडा म्हणतो.

रीळवाला

मी येणार. वडिलांच्या जपून ठेवलेल्या दोन कांड्या आहेत, त्या आबांना द्यायच्या आहेत. मुक्कामाला कुठलंही घर चालेल.

शरावती

सागरहून आम्ही दोघं. सासूबाईंनाही यायचंय, वय ८४. पायऱ्या किती आहेत तेवढं कळवा.

कातळफूल

एकोणीस, शरावती. खुर्चीत बसवून वर आणू, पोरांना खुर्च्या उचलायची सवय आहे.